रिकाम्या जागेची शोभा

मोजक्या पैशांत घर कसे सजवावे, हा प्रश्न वरवर पाहता कलेचा वाटतो. प्रत्यक्षात तो हिशेबाचा असतो, आणि हिशेबाच्याही आधी तो प्रामाणिकपणाचा असतो. आपल्याजवळ काय आहे, काय नाही आणि जे नाही ते कोणाला दाखवण्यासाठी हवे आहे, याची कबुली स्वतःशी दिल्याशिवाय त्याचे उत्तर सापडत नाही. सांगलीतील एका व्यापारी कुटुंबाला ही कबुली फार अवघड प्रसंगी द्यावी लागली.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या पुढे गेले. धोक्याची पातळी 45 फुटांची. गणपती पेठेतील या कुटुंबाचे घाऊक किराण्याचे दुकान आणि गावभागातील राहते घर, दोन्ही पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर दुकानातून डाळी, साखर आणि मसाल्यांचा कुजलेला चिखल फावड्यांनी बाहेर काढावा लागला. घराची मागची भिंत खचली होती. चौऱ्याहत्तर वर्षांचे अण्णा त्या भिंतीपाशी बराच वेळ उभे राहिले आणि काही न बोलता बाहेर आले.

कुटुंब विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावरील भाड्याच्या जागेत आले. तीन खोल्या, अकरा महिन्यांचा करार, भिंतींवर आधीच्या बिऱ्हाडाच्या खिळ्यांची भोके आणि बैठकीच्या खोलीत एकच ट्यूबलाइट. गेलेल्या मालाची आणि व्यापाऱ्यांच्या देण्याची यादी झाल्यावर घर लावण्यासाठी 60,000 रुपये बाजूला काढता आले. त्यापलीकडे काहीही नव्हते.

मुलाच्या मनात मात्र वेगळेच होते. नातीचे लग्नाचे वय झाले होते आणि दिवाळीनंतर पाहुणे येणार होते. तो एका फर्निचरच्या दुकानात जाऊन कागद घेऊन आला. सोफा, पलंग, भिंतीत बसवायचे टीव्हीचे कपाट, काचेचे शोकेस, सर्व मिळून 1,80,000 रुपये. 60,000 रोख द्यायचे आणि उरलेले 1,20,000 तीन वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचे. व्याज शेकडा बारा, हप्ता 4,533 रुपयांचा.

कागद अण्णांच्या हाती गेला. त्यांनी चष्मा लावून एकच प्रश्न विचारला, “व्याज कोणत्या मुद्दलावर?”

“एक लाख वीस हजारांवर, अण्णा.”

“पहिल्या महिन्यात. आणि शेवटच्या महिन्यात?”

मुलगा गप्प राहिला. बारा टक्के हे तिन्ही वर्षे मूळ मुद्दलावरच लावलेले होते. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, अखेरीस एका हप्त्यापुरतेच उरते, पण व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच चालू राहते. एकूण व्याज 43,200 रुपये. फिटत जाणाऱ्या मुद्दलावर तेच व्याज मांडले तर दर वर्षाला 21 टक्क्यांच्या वर जातो. बी.कॉम. झालेल्या सुनेने रात्री बसून तो मांडून दाखवला. दुकानाला 21 टक्क्यांनी माल देणारा भेटला असता, तर मुलाने त्याला दारातूनच परत पाठवले असते. घराच्या बाबतीत मात्र तोच दर त्याच्या नजरेतून निसटला होता.

तरीही मुलाच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. तो म्हणाला, “अण्णा, रिकामे घर पाहिले की बाजार समजतो, हे बसले. उद्या सगळेच देणेकरी एकदम दारात येतील. आणि मुलीच्या सासरचे काय म्हणतील?”

व्यापाऱ्याच्या घरात ही शंका खोटी मानता येत नाही. पत हे त्याचे खरे भांडवल असते आणि तिचा अंदाज लोक राहणीवरूनही बांधतात. अण्णांनी थोडा विचार करून उत्तर दिले, “पत भिंतीला लागत नाही, वायद्याला लागते. मुदतीच्या दिवशी पैसे पोहोचले तर व्यापारी सतरंजीवर बसूनही माल देईल. नाही पोहोचले तर तुझ्या सोफ्यावर बसून तगादा करील.”

कागद परत गेला. नात मात्र त्या रात्री जेवली नाही. घर गेले, तिची पुस्तके गेली आणि आता आल्या-गेल्याला जमिनीवर बसवायचे, हे तिला सोसवेना. तिला कोणी रागावले नाही. आईने, म्हणजे तिच्या आजीने, एवढेच सांगितले, “परवा गावभागात चल. काय राहिले आहे ते तुझ्या डोळ्यांनी बघ.”

तेथे जे दिसले त्याने या घराची सजावट ठरवली. पाचएक वर्षांपूर्वी हौसेने आणलेला पलंग आणि टीव्हीचे टेबल भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे होते. पाण्यात त्या फळ्या फुगल्या होत्या आणि हात लावताच त्यांचा भुगा होत होता. प्लायवूडच्या कपाटाचे पदर सुटले होते. त्यांच्याच शेजारी पणजोबांच्या काळचे सागवानी कपाट चिखलाने माखून उभे होते. त्याचे दार फुगून अडकले होते, पण सांधा न् सांधा जागेवर होता. झोपाळ्याची सागवानी फळी, तिच्या पितळी कड्या, तांब्याचा बंब, पितळेचे डबे, बेल्जियम काचेचा म्हणून घरात ओळखला जाणारा आरसा आणि दुकानातील लोखंडी मांडण्या एवढ्या वस्तू वाचल्या होत्या. स्वस्त म्हणून घेतलेले आधी गेले होते.

सुनेने एका वहीत तीन रकाने आखले: राहिलेले, दुरुस्त होण्याजोगे, विकत घ्यायचे. तिसऱ्या रकान्यात काही लिहिण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायचे असे ठरले. जागा सोडताना ही वस्तू उचलून नेता येईल का? आणि घरातील कोणी ती रोज वापरणार आहे का? पहिल्या प्रश्नाने भिंतीत बसवायचे सर्व काही बाद झाले, कारण भाड्याच्या भिंतीत घातलेला पैसा घरमालकाचा होतो. दुसऱ्या प्रश्नाने शोकेस बाद झाले.

सागवानी वस्तू आधी स्वच्छ पाण्याने धुतल्या. त्या उन्हात ठेवण्याचा मोह सुताराने मोडून काढला. भिजलेले लाकूड उन्हात पटकन वाळले तर तडकते आणि वाकते. म्हणून त्या जिन्याखाली, वारा खेळेल अशा सावलीत, विटांवर उचलून तीन आठवडे ठेवल्या. मग कपाटाचे दार आपोआप पूर्ववत बसले. पॉलिशऐवजी उकळलेल्या जवसाच्या तेलाचे हात दिल्यावर लाकडाचा मूळ रंग वर आला. सुताराची मजुरी आणि सामान मिळून 11,000 रुपये झाले. लोखंडी मांडण्या घासून, गंजरोधक तांबडा रंग आणि वर काळा रंग देऊन स्वयंपाकघरात उभ्या केल्या, त्याला 1,800 लागले. पितळेचे डबे चिंच आणि मिठाने घासून त्यांवर ओळीने मांडले. काही भांड्यांना कल्हई करून घेतली, त्याचे 900 रुपये झाले. पूर्वी कोठीच्या अंधारात असलेले ते डबे आता दारातूनच दिसू लागले.

रंगाचा हिशेब सुनेने स्वतः केला. बैठकीची खोली 15 फूट बाय 10 फूट, उंची साडेनऊ फूट. चारही भिंतींचे 475 चौरस फूट, त्यातून दारे-खिडक्या वजा जाता 400. साध्या इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हातांसाठी साधारण 60 चौरस फूट धरले, तर सात लिटर पुरतात. रंगाऱ्याने सांगितलेले दहा लिटर सातवर आले. तिन्ही खोल्यांचा खर्च 14,000 झाला. मुलाने घरमालकाशी बोलणी करून त्यातले निम्मे भाड्यातून वळते करून घेतले. जागा त्यांचीच सुधारणार होती, आणि व्यापाऱ्याला एवढी घासाघीस यायलाच हवी. छत पांढरे, भिंती फिकट सायीच्या रंगाच्या. खोली मोठी दिसण्यासाठी एवढे पुरे झाले.

उजेडाकडे लोक सर्वांत शेवटी पाहतात, वास्तविक तो सर्वांत आधी पाहावा. 9 वॅटचा एलईडी दिवा जुन्या 60 वॅटच्या बल्बाइतका प्रकाश देतो. छताला एक पांढरीफटक ट्यूब लावण्याऐवजी पिवळसर प्रकाशाचे चार दिवे कोपऱ्यांत, डोक्याच्या उंचीवर लावले. दिवे आणि वायर मिळून 2,400 रुपये झाले. आरसा खिडकीसमोर टांगला, तेव्हा दिवसा खोलीत जणू दुसरी खिडकी उघडली. पडद्यांचे कापड इचलकरंजीहून सुती आणले. रंग नातीने निवडला, हळदीचा. तिनेच सुचवले की पडद्याची दांडी खिडकीच्या वर न लावता छताजवळ लावावी आणि पडदा जमिनीपर्यंत सोडावा, म्हणजे खोली उंच वाटेल. खर्च 3,600 रुपये. ती त्या दिवशी प्रथमच या घराविषयी ‘आपले’ असे बोलली.

प्रश्न राहिला झोपाळ्याचा. गावभागातल्या घरी अण्णा रोज संध्याकाळी त्यावर बसून दिवसाचा मेळ मनातल्या मनात लावीत. भाड्याच्या जागेत छताला हूक मारण्यास घरमालकाने नकार दिला. फळी कोणाला द्यावी याची चर्चा चालू असताना सून म्हणाली, “अण्णा, तुमची हरकत नसेल तर तिला पाय लावून घेऊ या.” अण्णा काहीच बोलले नाहीत. पडक्या घराच्या एका चौकटीतून सुताराने चार पाय काढले आणि साडेपाच फुटांची ती फळी पश्चिमेच्या खिडकीपाशी बाक होऊन उभी राहिली. या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण होते, त्यामुळे मावळतीचा उजेड जेवणाऱ्यांच्या ताटावर यावा, असा सुनेचा हेतू होता. दोन दिवस अण्णा त्या बाकाकडे गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते तेथे बसलेले दिसले. कड्या मात्र त्यांनी स्वतः घासल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि पेटीत ठेवल्या.

बैठकीसाठी पिंजलेल्या कापसाच्या नव्या गाद्या, चार लोड आणि मांजरपाटाच्या पांढऱ्या खोळी, 8,500 रुपये. कुंड्या 600 रुपयांच्या. रोपे शेजाऱ्यांनी दिली. बेरीज 35,800 झाली. उरलेल्या 24,200 रुपयांचे काय करावे यावर घरात मतभेद झाला नाही. लातूरच्या एका डाळीच्या व्यापाऱ्याचे बिल बाकी होते. पूर आल्यामुळे त्याने मुदत वाढवून दिली होती. मुलाने वाढीव मुदतीच्याही आधी 24,000 रुपये पाठवले. पुढच्या मालाचा फोन त्या व्यापाऱ्याने स्वतःहून केला.

दिवाळीनंतर पाहुणे आले. पहिल्या स्थळाकडून पुन्हा निरोप आला नाही. त्याचे कारण घर होते की दुसरे काही, हे कधी कळले नाही, आणि मुलाने ते मनाला बरेच लावून घेतले. दुसऱ्या स्थळातील आजोबा आले ते थेट बाकावर बसले, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “ही झोपाळ्याची ना?” मग दोन्ही वृद्ध तासभर पुराविषयी बोलत राहिले. जानेवारीत लग्न ठरले.

पण या सजावटीची खरी परीक्षा पुढे झाली. जुलै 2021 मध्ये कृष्णेला पुन्हा पूर आला. गावभागातून अण्णांच्या भावाचे आणि पुतण्यांचे बिऱ्हाड भर पावसात या दुसऱ्या मजल्यावर आले. त्या तीन खोल्यांत पाच दिवस चौदा माणसे राहिली. बैठकीत उचलून बाजूला ठेवण्यासारखे फारसे काही नव्हतेच. गाद्या पसरल्या, लोड उशाला घेतले आणि सगळे झोपले. लहान मुलांना बाकावर पाळीपाळीने झोपायला मिळाले. सोफा, शोकेस आणि काचेची कपाटे त्या खोलीत असती, तर एवढ्या माणसांना पाठ टेकायला जागा मिळाली नसती, आणि त्या सामानाचे आणखी पंधरा हप्तेही बाकी असते.

चौथ्या रात्री पाणी उतरू लागल्याची बातमी आली. भावाची सून स्वयंपाकघरात डबे पुसता पुसता म्हणाली, “ताई, आमच्याकडे आता काय उरले असेल कोणास ठाऊक. घर पुन्हा लावायचे म्हणजे कोठून सुरुवात करावी?”

सुनेने फळीवरून तीन रकान्यांची ती जुनी वही काढली आणि तिच्या हाती दिली. शेवटची काही पाने कोरी होती.