आतला कागद

दहावीचा शेवटचा पेपर देऊन लेक घरी आली आणि बूट काढता काढता म्हणाली, “आई, मला केस निळे करायचेत.”

आम्ही म्हैसूरच्या गोकुलममध्ये राहतो. पट्टाभी जोइस यांची अष्टांग योगशाळा या भागात आल्यापासून इथे सकाळी शहाळ्याच्या गाडीपाशी जगभरची माणसं उभी असतात, काखेत चटई, कुणाचे केस गुलाबी, कुणाचे जांभळे. लेक लहानपणापासून हे बघतेय. तिला त्यात काही विशेष वाटत नाही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण अज्जी, कोल्हापूरच्या सासूबाई आणि पीयूसीचा, म्हणजे अकरावीचा, प्रवेश असं सगळं एकदम येऊन उभं राहिलं. पण ते बोलून कसं दाखवणार? म्हणून म्हटलं, “केमिकल असतं त्यात. सोळाही पूर्ण नाहीत तुला.”

“मग तू दर महिन्याला काय लावतेस?”

मी आठ वर्षं घरीच काळा डाय लावत होते. तिने कपाटातला खोका आणला आणि आतला घडी केलेला कागद उलगडला. तो मी नेहमी खोक्यासकट फेकून देत असे. अक्षरं मुंगीएवढी, ती मोठ्याने वाचू लागली. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावा, चोवीस तासांनी धुवा, लाली किंवा आग होत नाही ना बघा. प्रत्येक वापराआधी हे करा. भुवया-पापण्यांना लावू नका, डोळे जाऊ शकतात. अशा डायवर ही सूचना आपल्याकडे कायद्यानेच छापावी लागते. “तू कधी केलंस हे?” मी गप्प.

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. काळ्या डायमध्ये बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायमिन असतं. त्याची अ‍ॅलर्जी पहिल्याच दिवशी व्हायला हवी असं नाही. वर्षानुवर्षं वापरल्यावरही होते, आणि एकदा झाली की सहसा जन्माची. युरोपात अशा रंगांच्या खोक्यावर सोळा वर्षांखालच्यांसाठी नाही, असं छापलेलं असतं. डॉक्टरांनी लेकीला विचारलं, “काळी मेंदी काढलीयेस कधी?” काढली होती, मावसबहिणीच्या लग्नात, झटपट रंगणारी. तिच्यातही पुष्कळदा हेच घातलेलं असतं. आता मला खरी भीती वाटू लागली. अज्जी, सासूबाई कुठच्या कुठे गेल्या.

लेकीला हवा होता तो निळा रंग पीपीडीचा नव्हता, चार-सहा आठवड्यांत धुऊन जाणारा होता. पण काळ्या केसांवर निळा दिसायचा तर आधी ब्लीच हवंच, आणि टाळू भाजते ती ब्लीचने. तेव्हा असं ठरलं: मानेवरची आतली एकच बट, ब्लीच टाळूपासून दोन बोटं लांब, पेरॉक्साइड सहा टक्क्यांचं, बारा टक्क्यांचं नाही. त्याआधी हातावर चाचणी. “तूही कर,” ती म्हणाली. तिच्या कोपराच्या खळगीत निळा ठिपका, माझ्या काळा.

दुसऱ्या दिवशी धुतलं, तिसऱ्या दिवशीही पाहिलं. तिचा हात स्वच्छ होता. माझ्या हातावर रुपयाएवढा लाल चट्टा, त्यावर बारीक पाण्याचे फोड. दोन वर्षं माझ्या कानामागे खाज यायची. मी कधी चष्म्याच्या काडीला दोष द्यायची, कधी म्हैसूरच्या पाण्याला. डॉक्टरांनी नंतर पॅच टेस्ट केली, पीपीडीच निघालं.

बट निळी झाली. अज्जींनी जिन्यात पाहिली, “चेन्नागिदे,” छान आहे, म्हणाल्या आणि माझ्या भांगाकडे बघत राहिल्या.

जूनपर्यंत निळा उतरून बट शेवाळ्यासारखी हिरवट झाली. कॉलेज सुरू व्हायच्या आधी लेकीने ती स्वतःच कापून टाकली. माझे केस आता कानापर्यंत पांढरे आहेत, खाली काळे. तुमच्या घरी डायचा खोका असेल, तर आतला कागद फेकू नका. लेकराकडून वाचून घ्या, अक्षर फार बारीक आहे.