हद्दीवरचा खड्डा

सरकारी नोकरीत आम्ही चौतीस वर्षे घालविली. त्या काळात आमच्या सहीने बाहेर पडलेल्या पत्रांची गणती केली तर ती काही हजारांवर जाईल. परंतु त्यांतले एकच पत्र आज आम्हांला शब्दशः आठवते. ते अवघे दीड ओळीचे होते. भाषा शुद्ध होती, जावक क्रमांक होता, तारीख होती आणि मुख्य म्हणजे मजकूर खरा होता. 'उपरोक्त प्रकरण इस कार्यालय से संबंधित नहीं है, आवेदिका को सूचित हो.' परमुलखात नोकरी केलेल्या आमच्या वाचकांपैकी ज्यांनी असले पत्र जन्मात लिहिले नसेल त्यांनी पुढचे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत. बाकीच्यांनी मात्र जरा जवळ सरकून बसावे.

2005 च्या पावसाळ्यात आमची बदली माळव्यातील एका जिल्ह्याच्या गावी झाली. गावाचे नाव सांगत नाही आणि आमचे खाते कोणते तेही सांगत नाही; सांगून उपयोग नाही, कारण या हकीकतीतील पाच खात्यांपैकी कोणतेही असते तरी असेच घडते. माळव्यात मराठी माणसाला फारसे परके वाटत नाही. शिंदे-होळकर-पवारांच्या मागोमाग आलेली घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांची मराठी थोडी हिंदीकडे कललेली असली तरी गणपतीतले नाटक आणि संक्रांतीचे वाण त्यांनी सोडलेले नाही. पहिल्याच संक्रांतीला आमच्या कुटुंबाला हळदीकुंकवाची जी बोलावणी आली त्यांत कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचे होते. बाई एकट्याच राहत. नातू शिकायला जवळ होता. त्यांचे आजोबा कुठल्याशा संस्थानच्या दप्तरात कारकून होते, आणि बाईंचे वळणदार अक्षर व कागद जपून ठेवण्याची सवय ही दोन्ही त्यांच्याकडूनच आली असावीत.

बाईंची गल्ली मोठ्या रस्त्याला जेथे मिळे त्या कोपऱ्यावर एक गटार होते आणि गटारावर तीन फरश्या होत्या. पैकी मधली एके दिवशी नाहीशी झाली. तिचा इतिहास आम्ही पुढे पुष्कळ खटपट करून जमविला. नळाची वाहिनी फुटली म्हणून पाण्याच्या खात्याने ती उचलून कडेला ठेवली. काही दिवसांनी टेलिफोनची केबल टाकणाऱ्यांनी तिच्यावर मातीचा ढीग घातला. रस्त्याचे डांबरीकरण झाले तेव्हा त्या ढिगाबरोबर तीही फुटून भरावात गेली. गटार नगरपालिकेचे, रस्ता बांधकामाचा, वाहिनी पाण्याच्या खात्याची, केबल टेलिफोनची; कोपऱ्यावरचा विजेचा खांब वीजमंडळींचा, त्याचा दिवा मात्र पुन्हा नगरपालिकेचा. मागे उरला तो दीड हात रुंद आणि कमरेइतका खोल खड्डा. तो कोणाचाच नव्हता.

2006 च्या मार्चमध्ये बाईंनी नगरपालिकेकडे अर्ज केला. उत्तर आले, की फरशी नगरपालिकेने काढलेली नाही. जिने काढली त्या संस्थेने पूर्ववत करणे नियमाप्रमाणे बंधनकारक आहे. हे खरे होते. पाण्याच्या खात्याने कळविले, की आमचे काम संपले तेव्हा फरशी जाग्यावर होती, म्हणजे बाजूस होती. हेही खरे होते. टेलिफोनवाल्यांनी आपण रस्ता खोदल्याचा आकार आधीच भरल्याची पावती जोडली. रस्त्याच्या खात्याने आपली हद्द डांबराच्या कडेपाशी संपते असे नकाशासह दाखवून दिले. वीजवाल्यांनी खांब सुस्थितीत असल्याचे कळविले. वास्तविक त्यांना कोणी खांबाविषयी विचारलेच नव्हते. या पाचांत एक उत्तर आमचे होते. अर्ज टपालाच्या गठ्ठ्यात आला, कारकुनाने उत्तराचा मसुदा त्याला टाचून ठेवला आणि आम्ही सही केली. अर्जाखालचे नाव आम्ही वाचलेही नाही. त्याच बाईंच्या घरचा तिळगूळ दोन महिन्यांपूर्वी आमच्या घरी आला होता.

श्रावणात एका संध्याकाळी वीज गेली असताना बाई देवळातून परतत होत्या. रस्त्यावर घोटाभर पाणी होते आणि पाण्याखाली रस्ता व खड्डा सारखेच दिसत. त्यांचा खुबा मोडला.

आम्ही इस्पितळात भेटीस गेलो तो केवळ मंडळातील माणूस म्हणून. आमच्या पत्राची आम्हांला आठवणही नव्हती. बाई नेहमीसारख्याच बोलल्या. निघताना म्हणाल्या, "तुम्ही दफ्तरातली माणसं. माझी एक नस्ती आहे, ती जरा वाचून बघता का? माझं कुठं चुकलं ते मला समजत नाही." नातवाने दुसऱ्या दिवशी नस्ती आणून दिली. पाच अर्ज, पाच उत्तरे, पृष्ठांना क्रमांक, आरंभी सूची. चौथ्या पृष्ठावर आमची सही होती.

त्या रात्री आम्ही ती पाचही उत्तरे पुनःपुन्हा वाचली. एखादे तरी खोटे निघावे अशी आमची फार इच्छा होती. निदान एखाद्या सहीत टंगळमंगळ, एखाद्या तारखेत विलंब. तसे काही सापडेना. पाचही उत्तरे मुदतीत गेली होती. चौकशी झाली असती तर पाचही अधिकारी निर्दोष सुटले असते, आणि बाईंच्या 'माझं कुठं चुकलं' या प्रश्नाला 'संध्याकाळी देवळात गेलात तेथे' याखेरीज दुसरे उत्तर दप्तरात नव्हते.

आता हद्दी वाईट असे म्हणण्याइतके आम्ही बालिश नाही. ज्याने आयुष्य लेखाशीर्षांच्या संगतीत काढले त्याला त्यांचे महत्त्व सांगावे लागत नाही. पाण्याचा पैसा रस्त्यावर आणि रस्त्याचा साहेबांच्या बंगल्यावर खर्च होऊ नये म्हणूनच कुंपणे घातलेली असतात. अडचण अशी, की नागरिक नेमका कुंपणावर राहतो. नळ, गटार, रस्ता आणि दिवा ही त्याच्या लेखी एकच वस्तू असते. तिला तो 'आमची गल्ली' म्हणतो.

ही गोष्ट कायदे करणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही असेही नाही. 1992 ची चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली. तिने बाराव्या अनुसूचीत 18 विषय मांडले, त्यांत रस्ते आहेत, पाणीपुरवठा आहे, सार्वजनिक आरोग्य आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा आहेत. परंतु त्यांतले नगरपालिकेच्या पदरात किती घालावयाचे हे राज्यांच्या कायद्यांवर सोपविले, आणि पदरात घालताना हात आखडणे हा राज्यांचा जुना स्वभाव. 2010 साली मध्य प्रदेशाने लोकसेवांच्या हमीचा कायदा केला. ठरलेल्या मुदतीत सेवा न दिल्यास जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 5,000 रुपयांपर्यंत दंड. तोही त्याच्या खिशातून. कायदा चांगला आहे. दाखले वेळेवर मिळू लागले ते पुष्कळ अंशी अशा कायद्यांच्या धाकाने. पण त्याला एक नेमलेला अधिकारी लागतो. पाच खात्यांच्या मध्ये पडलेल्या खड्ड्याला असा अधिकारी कोठून आणावयाचा?

आपल्या महाराष्ट्राचा 2005 चा विलंबप्रतिबंधाचा कायदा याहून मनोरंजक आहे. दुसऱ्या विभागाकडे धाडावी न लागणारी नस्ती 45 दिवसांत निकालात काढावी, आणि धाडावी लागणारी तीन महिन्यांत, असे त्यात म्हटले आहे. एका विभागाचा उंबरठा ओलांडून दुसऱ्यात शिरण्याची किंमत म्हणून विधिमंडळाने सुमारे दीड महिना मंजूर केला. उंबरठ्याची उंची इतक्या प्रामाणिकपणे मोजलेली आम्ही अन्यत्र पाहिली नाही.

आमच्या मते खरी अक्कल दिसते ती माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात. त्याच्या कलम 6 च्या पोटकलम 3 प्रमाणे, चुकीच्या कार्यालयात अर्ज आला तर त्या कार्यालयाने तो 5 दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवावयाचा आणि अर्जदाराला तसे कळवावयाचे. 'आमच्याशी संबंध नाही' एवढे सांगून हात झटकण्याची सोय तेथे नाही. संबंध कोणाशी आहे हे शोधण्याचा भार अर्जदाराच्या डोक्यावरून उतरवून कार्यालयाच्या डोक्यावर ठेवला आहे. मौज अशी, की बाई पडल्या तेव्हा हा कायदा अमलात येऊन पुरते वर्ष झाले नव्हते. त्यांनी खड्डा बुजवा असे न म्हणता खड्ड्याविषयी माहिती द्या असे म्हटले असते, तर त्यांचा कागद तरी आपोआप एका दारातून दुसऱ्या दारी गेला असता.

निवृत्तीनंतर आम्ही मुलाकडे दिल्लीस राहतो. येथे तर हद्दींचे अरण्य आहे. महानगरपालिका 2012 साली तीन तुकड्यांत वाटली आणि 2022 साली पुन्हा एक केली. दोन्ही वेळा कारण तेच सांगितले होते, कारभार सुधारावा. पाण्याचे मंडळ वेगळे, मोठ्या रस्त्यांचे खाते वेगळे, जमिनीचे प्राधिकरण वेगळे. 27 जुलै 2024 रोजी जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणीवर्गाच्या तळघरातील वाचनालयात पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. तळघराचा वापर, गटाराची स्थिती, तपासणी करणारे, परवाना देणारे यांची चर्चा अनेक दिवस चालली. 2 ऑगस्टला उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. मधल्या काळात, 31 जुलैच्या पावसात, गाझीपूरजवळ एक आई आणि तिचा तीन वर्षांचा मुलगा उघड्या गटारात पडून गेले, आणि ते गटार कोणाचे यावर दोन संस्था न्यायालयात वाद घालीत राहिल्या. तळघरात गेलेली ती मुले कशाचा अभ्यास करीत होती हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. आपण ज्या खुर्च्यांत बसलो त्याच खुर्च्यांच्या परीक्षेचा.

अशा वेळी कोणीतरी उठून एकछत्री अंमल आणा म्हणतो. एका छत्राखालीही पाच मेजे असतात आणि मेजामेजांत हद्दी असतात, हे आम्ही स्वतः बसून पाहिले आहे. सुरतेची गोष्ट आम्हांला अधिक पटते. 1994 च्या सप्टेंबरात तेथे प्लेगची साथ आली आणि माणसे शहर सोडून पळाली. पुढल्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराच्या सहा विभागांत प्रत्येकी एक अधिकारी बसवून खर्चाचे व निर्णयाचे अधिकार त्याच्या हाती दिले, आणि सगळ्यांना रोज खुर्ची सोडून रस्त्यावर जावयास लावले. मग पाणीवाला व गटारवाला एकाच माणसाला उत्तर देऊ लागले, आणि तो माणूस सकाळी त्याच रस्त्यावर उभा असे. संयुक्त जबाबदारीवर आम्ही पुष्कळ बैठकांचे चहा प्यालो आहोत. पण ज्या जबाबदारीला भेटण्याची वेळ आणि उभे राहण्याची जागा ठरलेली नाही ती कोणाला सापडल्याचे आम्हांला स्मरत नाही.

असो. बाईंच्या नस्तीचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. आम्ही ती बगलेत मारून चारही कार्यालयांत हिंडलो. भांडलो नाही, फक्त प्रत्येकाला त्याचे स्वतःचे उत्तर आणि त्याच्या पुढचे उत्तर एकापाठोपाठ वाचावयास दिले. एका शनिवारी संयुक्त पाहणी ठरली. पाच खात्यांचे पाच अधिकारी त्या खड्ड्याभोवती उभे राहिले. ही कड तुमची, ती कड आमची, असा अर्धा तास गेला. समोरच्या पानवाल्याने पाच स्टुले आणून दिली. तो बिचारा आम्हांला फार मोठे काम करणारे समजला असावा. शेवटी आम्ही म्हटले, की फरशी आमचे खाते बसवील. दोन फरश्या, अर्धे पोते सिमेंट, दोन मजूर आणि एक दुपार एवढेच काम होते.

खर्च आम्ही किरकोळ शीर्षाखाली टाकला. 2008 साली लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला, की सदर खर्च या कार्यालयाशी संबंधित नाही. वाक्य ओळखीचे होते. आमचे स्पष्टीकरण गेले, त्यावर शंका आली, शंकेचे निरसन गेले. 2011 साली आक्षेप मिटला तेव्हा आम्ही तिसऱ्या गावी होतो. रक्कम वसूल झाली नाही, परंतु त्यापायी जो कागद लागला त्यात आणखी दोन गल्ल्यांच्या फरश्या निघाल्या असत्या. आमच्या जागी जे गृहस्थ आले त्यांनी ती नस्ती वाचली आणि असल्या भानगडीत न पडण्याचे ठरविले, असे आम्हांला त्यांनीच मोकळेपणाने सांगितले. त्यांना दोष द्यावा असे आम्हांला वाटले नाही.

बाई काठी घेऊन चालू लागल्या, पण देवळापर्यंत नाही. त्या गावाहून आमची बदली झाली तेव्हा निरोप घ्यावयास आम्ही दोघे गेलो. ती मूळ सही आमचीच होती, हे तोवर आम्ही त्यांना सांगितले नव्हते. त्या दिवशी सांगितले. बाई म्हणाल्या, "ते मला ठाऊक होतं. म्हणून तर नस्ती तुमच्याकडं पाठवली." मग आमच्या कुटुंबाला कुंकू लावता लावता त्यांनी ती परत मागितली. विजेच्या खांबावरचा दिवा लागत नव्हता, त्याचा अर्ज त्यांना त्याच नस्तीत पुढच्या पृष्ठावर लावावयाचा होता.