दानही गाळून घ्यावं



गेल्या वर्षी आमच्या श्राविका मंडळाला एका मोठ्या स्वयंपाकघराच्या उद्घाटनाचं आमंत्रण आलं. गावातल्या सगळ्या सरकारी शाळांचं दुपारचं जेवण आता एकाच ठिकाणी शिजणार होतं. यंत्रं आणि गाड्या एका कंपनीच्या सीएसआरमधून, काम नगरपालिकेनं दिलेलं, चालवणार एक सेवाभावी संस्था. आमच्या मंडळानं ताटं दिली. आहारदान घडलं म्हणून मी खुशीत घरी आले. फोटोत अगदी पुढेच उभी आहे.

दिवाळीच्या आधी मागच्या गल्लीतल्या ताई दारात आल्या. "वहिनी, भाकऱ्या करायला कुणाला बाई हवी आहे का?" त्या बचत गटातर्फे शाळेत खिचडी शिजवायच्या. म्हणाल्या, "आता गाडीतून जेवण येतं. आमची चूल बंद झाली." मला वर बघवेना.

मग मी थोडी माहिती काढली. शाळेत शिजवलेलं जेवण द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ चा. स्वयंपाकाच्या कामात दलित-आदिवासींना प्राधान्य द्या, असंही न्यायालयानं २००४ मध्ये सांगितलं. केंद्राच्या नियमात २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, १०० पर्यंत दोन. २००९ मध्ये केंद्रानं ठरवलेलं मानधन महिन्याला फक्त १००० रुपये. पण एकट्या बाईच्या घरात तेवढ्यातच तेल-मीठ येतं.

मी तिन्ही ठिकाणी विचारलं. कंपनीवाले म्हणाले, आम्ही फक्त यंत्रं दिली. नगरपालिकेत म्हणाले, सगळं निविदेप्रमाणे झालं. संस्था म्हणाली, आम्हाला मिळालेलं काम आम्ही नीट करतो. कुणीच खोटं बोलत नव्हतं. जेवणही स्वच्छ आहे. पण तिघं मिळून केलेल्या कामात ताईंचा विचार करणं कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. आणि चौथ्या आम्ही, ताटं देणाऱ्या!

पाठशाळेत आपण शिकलो, प्रमादानं घडते तीही हिंसाच. माझ्या सासूबाई पाणी गाळल्यावर जिवाणी आठवणीनं त्याच विहिरीत सोडायच्या. नुसतं गाळून भागत नाही, गाळण्यात अडकलेल्या जीवाला त्याच्या ठिकाणी पोचवावं लागतं.

म्हणून मंडळानं नगरपालिकेला अर्ज दिला, निदान वाढण्याचं आणि भांड्यांचं काम तरी जुन्या बायकांना द्या. दोघींना मिळालं. ताईंना अजून नाही. सध्या त्या आमच्या चार घरांत भाकऱ्या करतात. क्षमावाणीच्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "तुमचा काय दोष वहिनी? पण आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं."

तुमच्या मंडळाकडे असं काही आलं, तर देणगीची पावती फाडण्याआधी एवढंच विचारा: हे काम आजवर कोण करत होतं, आणि उद्या ती बाई काय करेल?