खाते परत मिळवण्याची वाट

ऑनलाइन खात्याच्या सुरक्षिततेचा विचार बहुधा पासवर्डपासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. परंतु कोणत्याही खात्याला दोन दारे असतात, एक रोजच्या प्रवेशाचे आणि दुसरे पासवर्ड विसरल्यास खाते परत मिळवण्याचे, आणि हे दुसरे दार ज्या मोबाइल क्रमांकाच्या किंवा ईमेलच्या आधारे उघडते त्याची राखण झाली नाही, तर पहिल्या दाराला लावलेल्या भक्कम कुलपाचा उपयोग उरत नाही. प्रस्तुत लेखिकेला याची खरी जाणीव झाली ती नाशिकला राहणाऱ्या तिच्या मावशींचे व्हॉट्सॲप खाते परक्याच्या हाती गेले तेव्हा. तो प्रसंग आणि त्यानंतर घरातील सर्वांची खाती एकेक करून तपासताना जे ध्यानात आले, ते येथे मांडले आहे.

पासवर्डची चोरी पुष्कळदा खातेदाराच्या नकळत, एखाद्या संकेतस्थळाच्या साठ्यातून होते. जबाबदार संकेतस्थळ मूळ पासवर्ड साठवत नाही. त्यावर एकाच दिशेने चालणारी, उलटवता न येणारी गणिती प्रक्रिया करून जी अक्षरमाला मिळते, जिला हॅश म्हणतात, तेवढीच ते ठेवते, आणि दोघांचा पासवर्ड एकच असला तरी त्यांचे हॅश वेगळे यावेत म्हणून प्रत्येक पासवर्डात आधी काही स्वैर अक्षरे मिसळते. या अक्षरांना सॉल्ट म्हणतात, आणि रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीविषयी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही युक्ती मांडलेली आहे. असे असूनही २०१२ साली लिंक्डइनमधून चोरीला गेलेल्या हॅशमध्ये सॉल्ट नव्हते, आणि २०१६ साली त्याच चोरीतील १० कोटींहून अधिक खात्यांची माहिती विक्रीस आली. अशी यादी हाती लागली की हल्लेखोर त्यातील ईमेल आणि पासवर्डाच्या जोड्या इतर असंख्य संकेतस्थळांवर यंत्राकरवी लावून पाहतात. म्हणूनच एकच पासवर्ड सगळीकडे वापरणे ही सर्वांत घातक सवय आहे.

मावशींच्या बाबतीत मात्र पासवर्डचा संबंधच आला नाही. नव्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू करताना मोबाइल क्रमांक आणि त्या क्रमांकावर एसएमएसने आलेला सहा आकडी कोड एवढेच सामान्यतः लागते, आणि हा कोड त्यांच्याकडून मागून घेण्यात आला. मागणारा निरोप त्यांच्या भिशीतील मैत्रिणीच्या खात्यावरून आला होता, कारण ते खाते आधीच याच रीतीने बळकावले गेले होते. चुकून तुमच्या नंबरवर माझा कोड आला आहे, तेवढा पाठवा, असा तो साधा निरोप होता. मावशींनी डोळ्यांना त्रास नको म्हणून फोनवरील अक्षरे बरीच मोठी करून घेतली होती, त्यामुळे पडद्यावर वरच्या पट्टीत एसएमएसची पहिली ओळ, म्हणजे फक्त आकडे, दिसत. हा कोड कोणालाही देऊ नका, ही सूचना खाली दडलेली राही. वयस्कर माणसांच्या निष्काळजीपणाला दोष देण्याआधी हे बारकावे पाहायला हवेत, असे लेखिकेचे ठाम मत आहे.

त्याहून मोठा प्रश्न उपदेशाचा आहे. ओटीपी कोणालाही सांगू नये असे सर्वत्र बजावले जाते, परंतु गॅसचा सिलिंडर दारात आला की कोड सांगावा लागतो, रिक्षा ॲपवरून बोलावली की चालकाला कोड सांगावा लागतो, पार्सल घेतानाही अनेकदा तेच. मग दिवसातून दोनदा कोड सांगणाऱ्या माणसाने तिसऱ्यांदा तो का सांगू नये, हे त्याला कोणीतरी समजावून द्यायला हवे. फरक असा की काही कोड समोर उभ्या असलेल्या माणसाला वस्तू किंवा सेवा मिळाल्याची पोच म्हणून द्यायचे असतात, तर काही कोड खात्यात शिरण्याचा किंवा पैसे हलवण्याचा परवाना असतात आणि ते स्वतःच्याच हाताने स्वतःच्याच फोनवर टाकायचे असतात. संपूर्ण एसएमएस उघडून वाचला तर तो कोड कशासाठी आहे हे त्यातच लिहिलेले असते, आणि मावशींना हे समजावल्यावर ते एका बैठकीत पटले.

खाते हाती येताच चोराने नातेवाइकांकडे तातडीने पैसे मागायला सुरुवात केली. मावशी नेहमी देवनागरीत मराठी लिहितात आणि हे निरोप रोमन लिपीतल्या हिंदीत होते, त्यामुळे त्यांच्या धाकट्या बहिणीला संशय आला आणि तिने थेट फोन लावला. मावशींच्या फोनवर क्रमांक पुन्हा नोंदवून नवा कोड टाकताच चोर बाहेर फेकला गेला. परंतु मधल्या वेळात त्याने टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे एसएमएसच्या कोडशिवाय लागणारा दुसरा सहा आकडी पिन, आपल्या मर्जीने ठेवला होता, आणि तो ठाऊक नसल्यास सात दिवस थांबावे लागते. जी सोय मावशींनी आधी वापरली असती तर चोराला अडवती, तीच आता त्यांना अडवत होती. ते दिवस सर्व नातेवाइकांना फोन करून सावध करण्यात गेले.

त्यानंतरच्या तपासणीत क्रम उलटा धरला, म्हणजे ज्या खात्यावरून इतर खाती परत मिळवता येतात ते ईमेल आधी घेतले. त्याला कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड दिला आणि तो मावशींनी कागदावर लिहून कपाटात ठेवला. यावर पुष्कळ जण नापसंती दर्शवतील, पण दूरदेशीचा हल्लेखोर नाशिकमधले कपाट उघडू शकत नाही, आणि लक्षात राहावा म्हणून सोपा ठेवलेला पासवर्ड तो सहज उघडू शकतो. दुसरा पडताळा म्हणून एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावले, जे फोन आणि संकेतस्थळ या दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीपासून आणि घड्याळाच्या वेळेपासून साधारणपणे दर ३० सेकंदांनी नवा आकडा काढते, त्यामुळे कोणी बनावट कागदपत्रांवर मावशींच्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड मिळवले तरी तो आकडा त्याच्या हाती लागत नाही. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळावर मात्र हा आकडाही माणूस भाबडेपणाने टाकू शकतो. तो धोका पासकीत, म्हणजे पासवर्डाऐवजी फोनमधील गुप्त किल्लीने प्रवेश देणाऱ्या सोयीत, जवळपास उरत नाही, कारण ही किल्ली विशिष्ट संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि पत्ता वेगळा दिसला की फोन उत्तरच देत नाही.

अशा फसवणुकीत पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच ती रोखता येण्याची शक्यता असते. आणि दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंत कारावासास पात्र गुन्हा आहे.

घरच्या तपासणीत सर्वांत अवघड ठरली ती परदेशी असलेल्या मावसभावाची खाती. त्याचा भारतातील क्रमांक अनेक खात्यांना जोडलेला होता आणि तो वापरात नसल्याने बंद होण्याच्या बेतात होता. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग खाते परत मिळवण्याचे कोड त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. त्यामुळे आधी रिचार्ज करून क्रमांक जिवंत ठेवला, मग ईमेल आणि इतर खात्यांतून तो एकेक करून काढला. शेवटी बँकेचे खाते उरले, आणि तिथला क्रमांक बदलण्यासाठी शाखेत स्वतः अर्ज द्यावा लागणार असल्याने ते काम त्याच्या पुढच्या भारतभेटीवर ठेवावे लागले.