हॅरिसनबर्गचा जांभळा शनिवार

स्टॅनफर्ड आणि बर्कली ही दोन्ही विद्यापीठे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठची, पॅसिफिक महासागराच्या शेजारची. २०२४ पासून त्यांचे फुटबॉल संघ खेळतात ते मात्र ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये. बोस्टन, नॉर्थ कॅरोलायना, फ्लोरिडा अशा दुसऱ्या समुद्राकडच्या भागांतल्या संघांशी त्यांचे सामने असतात आणि एका सामन्यासाठी पोरे विमानाने अख्खा देश ओलांडतात. व्हर्जिनियात राहणाऱ्या भाचीने जेवताना हे सांगितले, तेव्हा मी तिला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

देहूरोडच्या छावणीत वाढलेल्या माणसाला फुटबॉल नवा नाही. लष्कराच्या डेपोत कामाला आलेली मल्याळी, तमिळ, गोरखा कुटुंबे आपापल्या गावचा फुटबॉल घेऊन आली होती आणि आमची संध्याकाळ त्या मैदानांवर जाई. अमेरिकेतला फुटबॉल वेगळा. तो अंड्यासारख्या चेंडूचा, बहुतेक हाताने खेळायचा आणि खांदे भिडवायचा. पण त्या खेळापेक्षा मी जास्त थक्क झालो ते त्यामागच्या मांडणीने.

तिकडची विद्यापीठे शंभराहून अधिक वर्षे आपापल्या भागात गट करून खेळत आली. या गटांना कॉन्फरन्स म्हणतात. शेजारी शेजाऱ्याशी खेळायचा, आगगाडीने जाऊन यायचा, आजोबांनी पाहिलेली चुरस नातवाने पाहायची, असा तो संसार होता. पश्चिम किनाऱ्यावरचा असा गट १९१५ साली निघाला आणि पुढे ‘पॅक-१२’ नावाने नांदला. टीव्हीच्या पैशाने त्याची मोड झाली. ‘बिग टेन’ या उत्तरेकडच्या गटाने २०२२ मध्ये वाहिन्यांशी सात वर्षांचा, सुमारे सात अब्ज डॉलरचा करार केला. पॅक-१२ ला त्याच्या जवळपासचेही काही मिळेना. २०२३ चा उन्हाळा संपेपर्यंत बारांतल्या दहांनी दुसऱ्या गटांत जागा धरल्या होत्या. लॉस एंजेलिसची दोन मोठी विद्यापीठे, ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेली आणि त्या गटात आता अठरा विद्यापीठे झाली. मागे उरली दोनच, कॉर्वॅलिसचे ऑरेगन स्टेट आणि गव्हाच्या शेतांमधल्या पुलमन गावचे वॉशिंग्टन स्टेट. २०२४ आणि २०२५ असे दोन हंगाम त्या गटात हे दोनच संघ होते. त्यांचा दोष एवढाच, की त्यांच्या गावांत टीव्हीची घरे थोडी. हे ऐकून मला फार वाईट वाटले आणि आजही वाटते.

भाचीची मुलगी, म्हणजे माझी नातच, हॅरिसनबर्गच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात शिकते आणि तिथल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. “आजोबा, तुम्ही एक शनिवार आमच्याकडे याच,” असा तिचा हट्ट होता. ऑक्टोबर महिना होता. शेननडोआ खोऱ्यात उतरताना एका अंगाला ब्लू रिज, दुसऱ्या अंगाला ॲलेगेनीच्या रांगा, दोन्हीकडची झाडे लालभडक. रस्त्याकडेने जुन्या पंथाच्या मेनोनाइट लोकांच्या घोडागाड्या टपटपत चाललेल्या. टर्कीपालनाचा हा मुलूख. गावाची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास आणि विद्यापीठाच्या मैदानात पंचवीस हजार माणसे बसतात.

हे विद्यापीठ १९०८ साली निघाले ते मुलींना शिक्षिका करण्यासाठी. १९६६ मध्ये ते पुरते सहशिक्षणाचे झाले आणि फुटबॉलचा पहिला संघ उतरला तो १९७२ साली. त्या गावात फुटबॉल माझ्याहून लहान आहे! आणि तरीही सकाळी आठला वाहनतळावर शेगडी पेटवून मांस भाजत बसलेली कुटुंबे पाहिली, तीन पिढ्या एकाच जांभळ्या रंगात, तेव्हा हे सगळे कायमचेच आहे असे वाटले. बँड मैदानात आला. चारशेहून अधिक मुले-मुली एका ठेक्यावर पावले टाकीत होती आणि त्यांतली आमची कुठली ते दुर्बिणीतूनही कळेना. संघाने पहिले गुण मिळवले आणि सगळ्या बाजूंनी जांभळ्या-सोनेरी कागदी फितींचा पाऊस पडला. शेजारच्या अनोळखी बाईंनी एक भेंडोळे माझ्या हातात दिले आणि मीही ते फेकले.

हे विद्यापीठ आत्ता आत्तापर्यंत खालच्या श्रेणीत होते. तिथे त्यांनी २००४ आणि २०१६ ची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. आपल्याकडचा कोणीही म्हणेल, जिंकले म्हणजे वर गेले. तिथे तसे नाही. कितीही जिंकलात तरी शिडी पुढे येत नाही. वरच्या श्रेणीतल्या एखाद्या गटाने बोलवावे लागते. बोलावणे आले की अर्जाची फी. ती पाच हजार डॉलर होती, २०२३ मध्ये एकदम पन्नास लाख डॉलर केली. खालच्या श्रेणीत त्रेसष्ट शिष्यवृत्त्यांवर भागत होते, वर गेल्यावर पंचाऐंशीचा हिशेब आला. शिवाय दोन वर्षे वनवास. सामने खेळायचे, पण गटाच्या अंतिम सामन्याला किंवा हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांना हक्काने जाता येत नाही.

मॅडिसनला ‘सन बेल्ट’ने बोलावले. निघणार हे कळताच जुन्या गटाने त्यांच्या बाकीच्या खेळांतल्या मुलामुलींनाही त्या वर्षीच्या अजिंक्यपद स्पर्धांतून बाहेर ठेवले. बेसबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या पोरांचा यात काय संबंध? २०२२ मध्ये संघ वर आला. २०२३ मध्ये बारा सामन्यांतले अकरा जिंकले. तरी नियम तो नियम, सवलतीचा अर्ज फेटाळला गेला आणि प्रकरण थेट व्हर्जिनिया राज्याच्या महाधिवक्त्यांपर्यंत पोचले. अखेरीस इतर पात्र संघ पुरेसे नव्हते म्हणून त्यांना हंगामाअखेरचा तसा एक सामना मिळाला. तोवर प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी इंडियाना विद्यापीठाने नेले होते आणि पाठोपाठ कित्येक खेळाडूही तिकडे गेले. वर चढलेल्या घराची भांडी आणखी वरचा घेऊन जातो, हे पाहून मला राग आला. फीचेही मला पटले नाही. अशा चढणाऱ्या विद्यापीठांत खेळांचा मोठा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो, आणि ज्याने कधी मैदानात पाऊल टाकले नाही त्यालाही तो भरावा लागतो.

उलटे जाणारेही आहेत. शिकागो विद्यापीठ बिग टेनच्या संस्थापकांतले. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइजमन ट्रॉफी १९३५ मध्ये पहिल्यांदा दिली गेली ती त्यांच्याच जे बरवँगरला. चारच वर्षांनी विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित आण्विक शृंखला-प्रक्रिया चालवली, ती त्याच मैदानाच्या ओस पडलेल्या प्रेक्षागाराखाली. पुढे फुटबॉल परत आला, पण सगळ्यात खालच्या श्रेणीत, बिनशिष्यवृत्तीचा. आणि मुले तिथे आजही आनंदाने खेळतात.

हॅरिसनबर्गच्या त्या गर्दीत बसून मला सारखे पुण्याचे बालेवाडीचे मैदान आठवत होते. देहूरोडजवळच्या किवळ्याहून बायपासने दुचाकीवर अर्ध्या तासात आम्ही तिथे पोचायचो. पुणे एफसी हा क्लब २००७ साली निघाला, दुसऱ्या श्रेणीत खेळला आणि तिथून स्वतःच्या पायांवर २००९ मध्ये वरच्या आय-लीगमध्ये चढला. पहिल्याच हंगामात तिसरा आला, २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. नियमाने चढणे म्हणतात ते हे. पुढे भारत एफसी आला, पैसे भरून थेट वरच्या लीगमध्ये, आणि एका हंगामात मिटला. डीएसके शिवाजियन्सही थेट प्रवेशाने आला आणि २०१७ नंतर दिसला नाही. पुणे एफसी २०१५ मध्येच थांबला होता. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१८-१९ पर्यंत टिकला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. बारा वर्षांत चार क्लब! चौघांतला एकही हरला म्हणून गेला नाही. मालकांचा हिशेब बसला नाही, एवढेच. नारिंगी टी-शर्ट घातलेली जी पोरे बालेवाडीत घसा फोडून ओरडत, त्यांना कोणी विचारलेही नाही.

म्हणून अमेरिकेतल्या त्या सगळ्या पळापळीत, पैशाच्या उघड्या बाजारातही, एक गोष्ट मला मोठी वाटली. गट बदलतो, शेजारी बदलतो, प्रशिक्षक पळतो, पण संघ त्याच गावात राहतो. पुलमन गावाला सगळ्यांनी सोडले तरी पुलमनचा संघ पुलमनमध्येच खेळला, कारण तो कोणा एका मालकाचा नाही. आपल्या जिल्हा लीगच्या खालच्या श्रेण्यांत वर्गणीवर चालणारे क्लब आहेत, महाविद्यालयांची मैदाने आहेत, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून खेळवेडी माणसे आहेत. पुन्हा कधी पुण्यातून एखादा संघ वर पाठवायचा झाला, तर तो यांच्यातून निघावा. लिलावात घेतलेला नको.

सामना सुटल्यावर भाची म्हणाली, “मामा, दमलात ना?” दमलो नव्हतो. नात गणवेशातच धावत आली, टोपीखाली केस घामाने भिजलेले. तिच्या डोक्यात पुढचा हंगाम सुरू झाला होता. २०२६ च्या जुलैत टेक्सास स्टेट सन बेल्ट सोडून नव्याने उभ्या राहणाऱ्या पॅक-१२ मध्ये जाणार होते. गटातला आणखी एक शेजारी उठला. आता बँड परगावी कोणत्या सामन्यांना जाणार, यावर ती गाडीत बसेपर्यंत मैत्रिणीशी वाद घालत होती.