वयाची अट नाही

चालती नोकरी सोडणे आणि भरल्या ताटावरून उठणे, या दोन गोष्टी आमच्या घराण्यात सारख्याच अशुभ मानल्या जातात. मी स्वतः एका बँकेत सदतीस वर्षे काढली आणि २०२३ साली शाल, नारळ आणि भिंतीवरचे एक घड्याळ घेऊन निवृत्त झालो. त्या सदतीस वर्षांत नोकरी सोडून द्यावी असे मला निदान तीनशे वेळा वाटले असेल. पण घरी येऊन मी तसे कधी बोललो नाही. तेव्हा त्याच वर्षी गणपतीचे विसर्जन करून आम्ही डोंबिवलीच्या घरी परतलो आणि वाटली डाळ खाता खाता आमची धाकटी सहज म्हणाली, ‘‘बाबा, मी नोकरी सोडून पुन्हा शिकायचं म्हणते आहे,’’ तेव्हा माझा घास हातातच राहिला.

मुलगी इंजिनिअर. ऐरोलीला एका संगणक-कंपनीत नोकरी. पगार किती ते सांगत नाही, पण माझ्या शेवटच्या पगाराच्या जवळपास पोचला होता, एवढे सांगितले तरी पुरे.

‘‘एम.बी.ए. का?’’ मी आशेने विचारले.

‘‘नाही. डिझाइन. मला अक्षरं करायची आहेत.’’

‘‘अक्षरं करायची म्हणजे?’’ सौ.ने विचारले. तिला वाटले, अक्षर सुधारण्याचा वर्ग असावा.

मला मात्र ताबडतोब कळले. कारण आमच्या घरात अक्षरे करणारा नसला तरी अक्षरे लावणारा एक माणूस होऊन गेला होता. माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. समोर लाकडी केस, तिचे बारीक बारीक कप्पे, कप्प्यांत शिशाचे खिळे. इंग्रजीचे काम सव्वीस अक्षरांवर निभावते. आपल्या देवनागरीला अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या धरून शेकडो खिळे लागतात. ते सगळे कप्पे वडिलांच्या बोटांना पाठ होते. डावीकडे स्टिक धरायची, उजव्या हाताने एकेक खिळा उचलून तीत लावायचा, आणि तोही उलटा, कारण खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे असते. आठ तास उभ्याने असे काम करून ते घरी येत तेव्हा त्यांची बोटे काळी असत. आई त्यांच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवी आणि मग चहाचा कप.

शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा मी चांगल्या श्रेणीत पास झालो होतो. १९७९ साली मॅट्रिक झाल्यावर आमच्या ड्रॉइंगमास्तरांनी वडिलांना निरोप पाठवला, मुलाला जे. जे.ला घाला. जे. जे. म्हणजे १८५७ सालापासूनची नामांकित संस्था. आमच्या चाळीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. मी जाऊन प्रवेशअर्ज आणलाही होता. वडिलांनी तो नीट वाचला. शुद्धलेखनाची एक चूक होती, ती त्यांनी पेन्सिलीने दुरुस्त केली, आणि अर्ज मला परत देत ते म्हणाले, ‘‘आमच्या छापखान्यात चित्रकार येतात. एका चित्राच्या पैशासाठी तीन-तीन खेपा घालतात. तू कॉमर्सला जा.’’ मी कॉमर्सला गेलो. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. पुढे संगणकावरची जुळणी आली, १९८८ साली त्यांच्या छापखान्यातल्या केसेस भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या आणि उभा जन्म बोटांत मुरलेली विद्या एका महिन्यात निरुपयोगी झाली. त्या दिवसांत माझा बँकेतला पगार नसता तर घर कसे चालले असते?

हे सगळे मनात असल्यामुळे मुलीशी बोलताना माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेले. ‘‘अक्षरांनी आपल्या घराला काय दिलं?’’ मी म्हणालो. ती काही बोलली नाही. पलंगावर माळ ओढीत बसलेली आई मात्र जपायची थांबली. तीही त्या वेळी काही बोलली नाही.

मुलीने हट्ट केला नाही. हल्लीच्या मुलांचा हाच एक त्रास आहे. ती भांडत नाहीत, माहिती गोळा करतात. तिने माझ्यासमोर सगळे मांडले. या अभ्यासक्रमासाठी ‘सीड’ नावाची परीक्षा असते. तीन तासांची. पहिला भाग संगणकावर, त्यातून चाळणी लागते. आणि चाळणीतून उतरतील त्यांचीच दुसऱ्या भागाची, चित्रे काढून प्रश्न सोडवायची, वही तपासली जाते. परीक्षेत उत्तीर्ण झाले म्हणजे प्रवेश मिळाला असे नाही. त्यानंतर ज्या त्या संस्थेकडे वेगळा अर्ज करायचा, आपल्या कामांचा संग्रह दाखवायचा, आणि मुलाखत. मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये हे शिक्षण देणारे केंद्र १९६९ पासून आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था तर १९६१ची. तिची स्वतंत्र परीक्षा असते. तिच्या स्थापनेआधी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली सरकारला एक अहवाल लिहून दिला, आणि त्यात सर्वांत अधिक कौतुक कशाचे केले असेल, तर आपल्या साध्या लोट्याचे! हे ऐकून सौ.ने स्वयंपाकघरातल्या पितळी लोट्याकडे प्रथमच आदराने पाहिले.

‘‘आणि बाबा, तुम्ही सोसायटीची पाण्याची नोटीस कोणत्या अक्षरांत टाइप करता?’’

‘‘संगणकात असतात त्या.’’

‘‘त्यांचं नाव मंगल. र. कृ. जोशींनी केलेली. ते पवईलाच शिकवत होते.’’

इतकी वर्षे मी ती अक्षरे वापरतो आहे. ती कोणी तरी बसून काढली असतील हा विचार कंपोझिटरच्या मुलाच्या डोक्यात कधी आला नव्हता.

शेवटी असे ठरले की नोकरी न सोडता परीक्षा द्यावी. मी मनात म्हटले, रात्री दहाला घरी येणारी मुलगी कसली परीक्षा देते! पण ती रोज बारा-एकपर्यंत चित्रे काढी. रविवारी गिरगावात, ठाकुरद्वारी, दादरला हिंडून दुकानांच्या जुन्या रंगवलेल्या पाट्यांचे फोटो घेई. २०२४च्या जानेवारीत तिने परीक्षा दिली, उत्तीर्णही झाली. दोन ठिकाणी मुलाखतीला जाऊन आली. मग उन्हाळ्यात एका दुपारी याद्या लागल्या. दोन्हींत तिचे नाव नव्हते.

आता जे लिहितो ते लिहायला हात कचरतो. मुलीचे नाव यादीत नाही हे कळले तेव्हा मला हायसे वाटले. वाईटही वाटले, नाही असे नाही. पण ते मागाहून. आधी वाटले ते हे की, सुटलो! पगार राहिला, नोकरी राहिली, नातेवाइकांना समजावून सांगण्याची आपत्ती टळली. संध्याकाळी मी बाजारात गेलो आणि हापूसची एक पेटी घेऊन आलो. मुलीला जरा बरे वाटावे म्हणून, असे मी सौ.ला सांगितले. मलाही ते खरे वाटत होते.

मुलगी रडली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीची गाडी पकडून कामावर गेली. घरात तो विषय कोणी काढला नाही. तिच्या टेबलावरचे कागद मात्र हलले नव्हते. एकदा ती नसताना मी ते चाळले. पानेच्या पाने एकाच अक्षराने भरलेली होती : ‘ल’. दोन पाकळ्यांचा आपला मराठी ‘ल’ आणि उभ्या दांडीचा हिंदी ‘ल’, शेजारी शेजारी. कुठे पाकळी जाड, कुठे देठ आखूड. नापास झालेल्या मुलीने केलेला अभ्यास होता तो. मी कागद होते तसे ठेवून दिले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

दसरा आला. खंडेनवमीला आई सकाळीच म्हणाली, ‘‘माळ्यावरचा तो बिस्किटांचा डबा काढ.’’

कोणता डबा ते मला ठाऊक होते. छापखान्यातून शेवटच्या दिवशी घरी येताना वडिलांनी रुमालात बांधून काही आणले होते. ते असेपर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत, दर खंडेनवमीला त्याची पूजा होई. पुढे ती मोडली. डबा काढला. आत गंजलेली स्टिक आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले पाच-पन्नास खिळे.

मुलीने ते एकेक करून पाटावर मांडले. तिला उलटे वाचता येईना, मला आले. लहानपणी वडिलांचा डबा पोचवायला जाऊन उभा राहत असे, तेवढ्यावर शिकलो असेन. ‘‘हा ळ,’’ मी सांगत गेलो. ‘‘हाही ळ. हा ल, पाकळीचा. हा रफार नव्हे, चंद्रकोरीसारखा असतो ना, ‘दुसऱ्या’तला, ‘वाऱ्या’तला अर्धा र, तो.’’

मुलगी एकदम थांबली. ‘‘बाबा, यात क नाही. म नाही. काना-मात्रासुद्धा नाहीत. हे सगळे हिंदीत न लागणारे, फक्त मराठीला लागणारे आहेत. आजोबांनी मूठभर उचलले नाहीत. निवडून आणलेत.’’

मला वडिलांचा आवाज आठवला. त्या अर्ध्या र-चे महत्त्व ते नेहमी एकाच उदाहरणाने सांगत : ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यायची आणि ‘आचाऱ्यांना’ मजुरी, खिळा चुकला तर लग्नघरात मारामारी होईल. पुढे हे खिळे कुठे मिळायचे नाहीत, असे त्या शेवटच्या दिवशी त्यांना वाटले असले पाहिजे.

‘‘गेल्या वर्षी तू विचारलंस, अक्षरांनी काय दिलं,’’ आई म्हणाली. वर्षभर तिने ते मनात ठेवले होते. ‘‘तुझी फी कुठून आली रे? तुझा बाप उभा राहून दुसऱ्यांची अक्षरं लावत होता, म्हणून तू खुर्चीत बसलास. आता तू बसलायस ना नीट? मग पोरीला उभी राहू दे.’’

पाटावर हळद-कुंकू वाहिले. स्टिकशेजारी मुलीने आपली संगणकावर चित्र काढायची लेखणी ठेवली. सौ.ने दोन्हींवर झेंडूची फुले वाहिली.

त्या रात्री मी मुलीला हापूसच्या पेटीची हकीकत खरी खरी सांगितली. ती हसली. म्हणाली, ‘‘मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. सांत्वनासाठी एवढा महाग आंबा कोणी आणत नाही.’’

परीक्षेच्या अर्जाची मुदत अजून संपली नव्हती. तो आम्ही दोघांनी मिळून भरला. म्हणजे तिने भरला आणि मी शेजारी बसून माहितीपत्रक वाचले. पदवी कोणत्याही विषयाची चालते. परीक्षेला कितीही वेळा बसता येते. वयाची अट नाही. हे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले.

पुढचे थोडक्यात सांगतो. २०२५च्या जानेवारीत तिने पुन्हा परीक्षा दिली. ‘तुम्हाला हेच का शिकायचे आहे’ या प्रश्नाला पहिल्या वर्षी तिने दोन पाने इंग्रजीत काहीबाही लिहिले होते. ते मी वाचले आहे, त्यात ‘आवड’ हा शब्द अकरा वेळा होता. या वेळी एकच पान होते, आणि त्यात बिस्किटांचा डबा होता. मुलाखतीला ती खिळे रुमालात बांधून घेऊन गेली. जुलैपासून ती पवईला आहे.

सौ.ने भिंतीवरच्या कॅलेंडरमागे दोन वर्षांचा जमाखर्च लिहून ठेवला आहे; त्यात बुडालेल्या पगाराचा आकडा लाल शाईने आहे. तो खोटा नाही. शिक्षण संपल्यावर काय मिळेल हे तिला ठाऊक नाही, मलाही नाही. वडिलांची विद्या माझ्या डोळ्यांदेखत भंगारात गेली, तशी हिचीही एखाद्या यंत्रापुढे जाणार नाही असे कोण सांगेल? मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘जाईलही. पण बाबा, आजोबांचे खिळे गेले. ल कुठे गेला?’’

परवा मी स्टेशनजवळच्या दुकानातून बोरू, शाईची दौत आणि चांगला जाड कागद आणला. घरी कोणाला काही सांगितले नाही. दुपारी सगळे निजल्यावर गॅलरीत बसून पहिला ‘ल’ काढला. एक पाकळी मोठी झाली, एक बारीक. मागे काठीचा आवाज आला. आई उभी होती. चष्मा कपाळावर चढवून तिने कागद डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिला, आणि माझ्या हातात परत देत म्हणाली,

‘‘तुझ्या बापानं हा खिळा वितळायला पाठवला असता. दुसरा काढ.’’