घर सोडून गेलेल्यांची नाटकं

यूजीन ओनीलचा जन्म हॉटेलातला आणि मृत्यूही हॉटेलातलाच. 1888 साली न्यूयॉर्कमध्ये, ब्रॉडवेच्या एका कोपऱ्यावरच्या बॅरेट हाउसमध्ये तो जन्मला आणि 1953च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या शेल्टन हॉटेलात गेला. वडील जेम्स ओनील फिरत्या नाटक कंपनीतले नामांकित नट. ‘मॉन्टे क्रिस्टो’ या एकाच नाटकाचे त्यांनी हजारो प्रयोग केले. त्या भूमिकेनं त्यांना पैसा दिला आणि त्यांच्यातल्या मोठ्या नटाला संपवलं. बिऱ्हाड कायम पाठीवर. घर म्हणावं असं एकच होतं, कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनला, टेम्स नदीच्या काठी, तेही फक्त उन्हाळ्यापुरतं. नोबेल पारितोषिक मिळून गेल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, हात थरथरत असताना ओनील त्या घराविषयी लिहायला बसला.

अमेरिका म्हणजे मागचं टाकून पुढे जाणाऱ्यांचा देश, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण विसाव्या शतकात त्या देशाच्या रंगभूमीनं जे सर्वोत्तम दिलं, ते मागे फिरून आईवडिलांच्या दाराशी उभ्या राहिलेल्या माणसांनी लिहिलं आहे. ही नाटकं वाचताना मला हे पुन्हा पुन्हा जाणवतं.

‘लाँग डेज जर्नी इन्टू नाइट’ हे 1912च्या ऑगस्टमधल्या एका दिवसाचं नाटक. सकाळी नाश्त्यानंतर सुरू होतं, मध्यरात्री संपतं. धाकट्याच्या जन्माच्या वेळी स्वस्तातल्या हॉटेल-डॉक्टरनं आईला मॉर्फिन दिलं आणि ते तिला कायमचं चिकटलं. बाप कंजूष, थोरला दारुडा, धाकट्याला क्षय. चौघेही एकमेकांना ओरबाडतात आणि शब्द तोंडातून गेल्याबरोबर तो परत घ्यायला धडपडतात. रात्री बाप धाकट्याला स्वतःचं लहानपण सांगतो. दहाव्या वर्षी कारखान्यात राबलेला मुलगा, लोकांकडच्या धुण्यापुसण्यावर दिवस काढणारी त्याची आई. या माणसाला विजेचा एक जादा दिवा का सहन होत नाही, हे तेव्हा उमगतं. त्याच्याविषयी मनात धरलेला राग या प्रवेशात टिकत नाही. माझा तरी कधीच टिकलेला नाही.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. यूजीनच्या जन्माआधी ओनील कुटुंबातलं एक बाळ गोवरानं दगावलं होतं. त्याचं नाव एडमंड. नाटकात ओनीलनं नावांची अदलाबदल केली: जगलेल्या धाकट्याला, म्हणजे स्वतःला, मेलेल्या भावाचं नाव दिलं आणि मेलेल्या बाळाला ‘यूजीन’ म्हटलं. आपल्या जन्मानं आईचं आयुष्य नासलं, हे ज्याच्या मनात लहानपणापासून रुतून बसलं आहे, त्यानंच ही अदलाबदल करावी! घरातल्या तिघांना त्यानं माफ केलं. स्वतःला केलं की नाही, याचं उत्तर मला त्या दोन नावांत शोधावंसं वाटतं.

बारीक पेन्सिलीच्या अक्षरात लिहिलेलं हे हस्तलिखित त्यानं 1941 साली, लग्नाच्या बाराव्या वाढदिवशी पत्नी कार्लोटाला अर्पण केलं. पुढे ते लाखेची मोहोर लावून प्रकाशकाच्या तिजोरीत ठेवलं. आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षं ते बाहेर येऊ नये, ही त्याची अट होती. प्रकाशक ती पाळायला तयार होता, कार्लोटानं पाळली नाही. 1956 साली येल विद्यापीठानं नाटक छापलं आणि त्याच वर्षी स्टॉकहोमला त्याचा पहिला प्रयोग झाला. दिलेला शब्द मोडणं वाईटच. तरीही कार्लोटाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तो शब्द पाळला असता तर दोन पिढ्यांनी हे नाटक न वाचताच डोळे मिटले असते.

टेनेसी विल्यम्सला असं थांबणं जमलंच नसतं. त्याची जखम ताजी होती. सेंट लुईसच्या घरातून तो निसटला, बहीण रोझ मागे राहिली. तिचं मन हळूहळू ढासळत गेलं आणि जानेवारी 1943मध्ये तिच्या मेंदूवर लोबोटॉमी झाली. टेनेसी तेव्हा तिथे नव्हता. पुढच्या वर्षी, 26 डिसेंबरला, शिकागोत ‘द ग्लास मिनॅजरी’ रंगमंचावर आलं. काचेच्या चिमुकल्या प्राण्यांत रमलेली लॉरा, तिच्यासाठी स्थळाची वाट पाहणारी आई आणि दोघींना सोडून निघून गेलेला, पण मनानं कधीच न सुटलेला टॉम. शस्त्रक्रियेचा नाटकात कुठेही उल्लेख नाही. कोणतंही शस्त्र शिवण्याआधीची बहीण त्यानं तिथे जपून ठेवली, असं मी मानते. या नाटकाच्या उत्पन्नातला अर्धा वाटा त्यानं आईच्या नावे केला. रोझच्या देखभालीचा भार जन्मभर उचलला आणि आपल्यामागेही तिची सोय लावून ठेवली. तेंडुलकरांनी त्याचं ‘स्ट्रीटकार’ हे नाटक मराठीत ‘वासनाचक्र’ म्हणून आणलं. त्यातली ब्लांशसुद्धा वाडवडिलांचं घर हातचं गमावूनच बहिणीच्या दारी येते.

आर्थर मिलरच्या वडिलांचा कोटांचा धंदा 1929च्या मंदीत बुडाला आणि कुटुंब ब्रुकलिनला आलं. ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मधला विली लोमन ब्रुकलिनच्याच घरात राहतो. पंचवीस वर्षं हप्ते भरतो आणि शेवटचा हप्ता फिटतो त्या दिवशी त्यात राहायला तो उरलेला नसतो. मुंबई-पुण्यात कर्ज काढून फ्लॅट घेतलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. विलीला आपण मोठे विक्रेते आहोत असं वाटत असतं, पण त्याची खरी कला त्याच्या हातांत होती, सिमेंट कालवण्यात, छत बसवण्यात. मिलरनंही नाटक लिहिण्याआधी कनेक्टिकटमध्ये स्वतःच्या हातांनी एक खोली बांधली आणि त्या खोलीत बसून एका दिवसरात्रीत पहिला अंक संपवला.

या तिघांची नाटकं ओळीनं वाचून झाली की लोरेन हॅन्सबेरी वाचावी. तिथे माझा सगळा विचार उलटा होतो. घरातून पळायला आधी घर मिळावं लागतं. लोरेनच्या वडिलांनी 1937 साली शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. बाहेर जमाव जमला, घरावर फेकलेल्या दगडातून लहानगी लोरेन थोडक्यात वाचली, आई रात्री पिस्तूल घेऊन जागायची. खटला 1940 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ वाचलेल्या माणसाला भाड्याच्या एका खोलीची किंमत माहीत असते, त्याला हे घर लांबचं वाटणार नाही. 1959 साली ‘अ रेझिन इन द सन’ ब्रॉडवेवर आलं. कृष्णवर्णीय स्त्रीनं लिहिलेलं, तिथवर पोचलेलं ते पहिलं नाटक. नवऱ्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर आणि एक आई, जिला त्यातून अंगण असलेलं घर हवं आहे. ओनीलच्या नाटकातली आई, मेरी, ज्या घराला कधी घर मानू शकली नाही, तसल्या चार भिंतींसाठी इथे माणसं जिवावर उदार होतात. हॅन्सबेरी वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेली. तिनं आणखी वीस वर्षं लिहिलं असतं तर अमेरिकन नाटकाचा इतिहास आज वेगळ्या क्रमानं शिकवला गेला असता, असं माझं ठाम मत आहे.

तिनं उघडलेल्या वाटेवरून ऑगस्ट विल्सन खूप पुढे गेला. विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकासाठी एक, अशी दहा नाटकं त्यानं लिहिली. त्यांतली नऊ पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये घडतात, म्हणजे त्याच्याच वस्तीत. शेवटच्या ‘रेडिओ गोल्फ’मध्ये वाद आहे तो वायली अॅव्हेन्यूवरच्या 1839 क्रमांकाच्या घराचा: विकासासाठी ते पाडायचं की राखायचं. हे नाटक 2005 साली आलं आणि त्याच वर्षी विल्सन गेला. दुकानामागच्या ज्या बिऱ्हाडात तो वाढला, ती बेडफर्ड अॅव्हेन्यूवरची इमारत अनेक वर्षं पडक्या अवस्थेत होती. ती दुरुस्त करून 2022 साली खुली झाली आणि आता तिथे त्याच वस्तीतले नवे लेखक, नवे नट कामाला येतात.